चाचांचा पिवळा पडदा

माझ्या आईचं माझ्याबद्दल एक ठाम मत आहे: हिला रंग कळत नाहीत. लग्नकार्यात मी कुठल्याही साडीवर कुठलाही ब्लाउज घालून उभी राहते आणि वर तोंड करून भांडते, असं ती अर्ध्या फुलंब्रीला सांगून बसली आहे. ते खरं आहे. म्हणूनच असेल, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं मी रंगांच्या वाटेला गेलेच नाही. त्या वर्षांत माझ्या हातून कुणाचं वाईट झालं नाही. रंगांच्या वाटेला गेले आणि झालं. ते इथं सांगते आहे, आणि सांगताना स्वतःची बाजू सावरून घ्यायची नाही असं ठरवलं आहे. बघू कितपत जमतं.

शहरात एक धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना आहे. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. आसपासच्या तालुक्यांतली माणसं पहाटेच्या एसटीनं तिथं येतात, आणि दार उघडायच्या आत फाटकाबाहेर चपलांची रांग लागलेली असते. माणसं पारावर बसतात, चपला रांगेत उभ्या राहतात. या सगळ्यांची नोंद करायचा प्रोग्रॅम माझा. माझं स्वतःचं म्हणून केलेलं ते पहिलं काम. दवाखान्यातली मशीनं कुणीतरी दान दिलेली, जुनी, धापा टाकणारी. त्यांवर चित्रांचे, खिडक्यांचे प्रोग्रॅम चालले नसते, म्हणून मी नुसत्या अक्षरांचा लिहिला. माउस नाही, बटणं नाहीत. नाव, गाव, वय, कोणता डोळा, काय त्रास. एक कळ दाबली की पुढची ओळ.

ज्यांनी असला पडदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याला टर्मिनल म्हणतात. बहुतेकांकडे तो काळा असतो आणि त्यावर पांढरी अक्षरं. पण तसाच असला पाहिजे असा काही नियम नाही. ज्याचं मशीन त्यानं मागचा रंग आणि अक्षरांचा रंग आपल्या सोयीनं ठेवावा. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये रंगाबद्दल चकार शब्द नव्हता. तो अक्षरं पाठवायचा, ती कशी दिसावीत हे समोरचं मशीन ठरवायचं. यात माझा काही मोठेपणा नव्हता. मला रंग द्यायला येतच नव्हते.

नोंदणीच्या खिडकीवर चाचा बसायचे. त्यांना सगळेच चाचा म्हणायचे, अगदी त्यांच्याहून मोठे डॉक्टरसुद्धा. पंचावन्नच्या आसपासचे, घर शहागंजात, दाढी बारीक कातरलेली, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. डोळ्यांच्या दवाखान्यात येणारं माणूस आधीच घाबरलेलं असतं. त्याच्याशी कसं बोलावं हे त्या इमारतीत चाचांइतकं कुणाला कळत नव्हतं. एकदा आलेल्या माणसाला ते आवाजावरून ओळखायचे. “पिशोरची मावशी ना? मागच्या टायमाला सून होती संगट, आज कोण आलं?” असं विचारलं की मावशीचा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडायचा. मला वाटायचं, काय स्मरणशक्ती आहे. आवाजावरूनच का ओळखतात, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

त्यांचा पडदा पिवळा होता. हळदीचं बोट दुधात बुडवल्यावर येतो तसा फिका पिवळा, आणि त्यावर जवळजवळ काळी, जाड, मोठी अक्षरं. इतकी मोठी की अर्धाच फॉर्म दिसायचा, बाकीचा खाली सरकवत न्यावा लागायचा. कुणी शिकवलं नव्हतं. मेनू उघडत, बंद करत त्यांनी तो रंग स्वतःच शोधून काढला होता. दवाखान्यातल्या पोरी चिडवायच्या, चाचा, तुमच्या पडद्याला हळद लागली, लग्न कधी? चाचा म्हणायचे, मुलगी पसंत पडली की कळवतो. मीही हसायचे, आणि मनात म्हणायचे, माझ्या प्रोग्रॅमचं काय ध्यान करून ठेवलंय या माणसानं.

अशी चार वर्षं गेली. मग दवाखान्याचे विश्वस्त भेटीला येणार असं ठरलं, आणि व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतलं. ते सरळ माणूस होते, पण त्यांना सगळं नवं दिसायला हवं होतं. म्हणाले, मॅडम, हे तुमचं काम चांगलं आहे, पण दिसायला अगदी पोस्टाच्या जुन्या तारेसारखं दिसतं, जरा रंगीत करा. मला ते लागलं. मी आमच्या घरातली पहिली शिकलेली, एसटीनं रोज जाऊन येऊन शिकलेली, आणि माझ्या कामाला कुणी जुनं म्हणावं? मी दोन आठवडे दुसरं काही केलं नाही.

असल्या पडद्यांना रंग द्यायची तयार सोय असते. तिच्यात एक मेख आहे. रंग चालू केले की ती सोय गृहीतच धरते की मागं काळं आणि अक्षर पांढरं, आणि सगळा पडदा तसा सारवून टाकते. माणसानं आधी ठेवलेले रंग तसेच राहू द्यायचे असतील तर एक वेगळी ओळ लिहून तसं सांगावं लागतं. एकच ओळ. ती मला माहीत होती. माहीत नव्हती असं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं, पण माहीत होती. मी ती लिहिली नाही, कारण काळ्यावर माझे रंग खुलत होते. मथळे आकाशी, चुका पिवळ्या, आणि ‘कोणता डोळा’ या रकान्यावर तर माझा विशेष जीव. आधी तिथं आर, एल किंवा बी टाईप करावं लागायचं. आता नुसती स्पेसची कळ दाबायची: एकदा दाबली की लाल आर, म्हणजे उजवा. पुन्हा दाबली की निळा एल, म्हणजे डावा. तिसऱ्यांदा हिरवा बी, दोन्ही. मग पुन्हा लाल. लांबून रंगावरूनच कळावं, अशी माझी हुशारी.

ज्या सकाळी तो नवा प्रोग्रॅम बसवला त्या सकाळी विश्वस्त खूश, व्यवस्थापक खूश. चाचांनी मला हळूच बाजूला बोलावलं आणि विचारलं, “बेटा, माझा पिवळा कुठं गेला?”

मी सांगितलं की आता रंग प्रोग्रॅम ठरवतो, सगळ्यांना एकसारखा. ते मान हलवत राहिले. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी चेष्टेवारी नेलं, म्हणाले, चाचा, हळद उतरली, आता संसाराला लागा. ते हसले. तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा मी संध्याकाळच्या एसटीत उभी होते, बस हर्सूल सोडून पुढं निघाली होती, एका हातात दांडी, एका हातात फोन, पायाशी कुणाची तरी भाजीची पाटी. ते म्हणाले की फक्त माझ्या मशीनपुरतं पहिल्यासारखं करून दे, लई मेहेरबानी होईल. गर्दीनं माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

“चाचा, एका माणसासाठी प्रोग्रॅम बदलत नसतात,” मी म्हणाले. “सवय करा.”

मग ते म्हणाले, “ठीक आहे बेटा. करतो सवय.” आणि मी फोन पर्समध्ये टाकला.

आता वाटतं, तीनदा विचारलं त्यांनी. त्यांच्यासारखा माणूस, ज्यानं कधी खुर्चीची उशीसुद्धा मागून घेतली नाही, एकच गोष्ट तीनदा मागतो, तर का मागतो हे विचारायला मला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. मला माझं काम आवडलं होतं, एवढंच.

तीन आठवड्यांनी फुलंब्रीकडचीच एक बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली. नोंदणीच्या वेळी प्रोग्रॅममधून छापून मिळते त्या चिठ्ठीवर उजवा डोळा होता. आत नेण्याआधी सिस्टर प्रत्येकाला तोंडी विचारते, तशी त्या दिवशीही तिनं विचारलं, मावशी, कोणता डोळा? बाई म्हणाली, “डावा की. उजव्यानं तर मी सुईत दोरा ओवते.” सिस्टरनं चिठ्ठी पाहिली, बाईकडं पाहिलं, आणि तिला बाहेर बसवून डॉक्टरांना बोलावलं. बाईचं काही बिघडलं नाही, तिचं डाव्या डोळ्याचंच ऑपरेशन झालं. पण मग त्या आठवड्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या, तर आणखी चौघांचं तसंच. कुणाचा डावा असून उजवा लिहिलेला, कुणाचा डावा असून दोन्ही.

मला फोन आला आणि मी धावत गेले. व्यवस्थापकांच्या खोलीत ते स्वतः, एक डॉक्टरीणबाई आणि चाचा होते. मला खुर्ची दिली. चाचा उभे होते; त्यांना कुणी बसा म्हणालं नाही, मीही नाही. मी भ्याले होते, आणि भ्यालेलं माणूस आधी स्वतःला वाचवतं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, प्रोग्रॅम चालू केला आणि सगळ्यांकडं फिरवला. हे बघा, एकदा दाबलं, लाल आर. दुसऱ्यांदा दाबलं, निळा एल. दिसतं की नाही? दिसत होतं. माझ्या लॅपटॉपवर तो एल सकाळच्या आभाळासारखा स्वच्छ निळा दिसत होता.

“प्रोग्रॅममध्ये चूक नाही,” मी म्हणाले. “कळ दाबणाऱ्याचं लक्ष नसेल तर प्रोग्रॅम काय करणार?”

चाचांनी लॅपटॉपच्या दिशेनं पाहिलं, म्हणजे त्याच्या थोडं डावीकडं पाहिलं. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, हे मी आज कबूल करते. ते व्यवस्थापकांना म्हणाले, “गलती माझीच असेल, साहेब.”

डॉक्टरीणबाई मात्र त्यांच्याकडंच बघत होत्या. त्या उठल्या, त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, चाचा, जरा माझ्यासोबत आत या. तासाभरानं त्या एकट्याच बाहेर आल्या.

दवाखान्यातल्या लोकांची दरवर्षी तपासणी होते. चाचांचीही व्हायची, आणि दरवर्षी ते तक्ता खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचायचे. वाचणारच. तो तक्ता त्यांच्या खिडकीसमोरच्या भिंतीवरच टांगलेला असायचा, आणि इतकी वर्षं इतक्या लोकांच्या तोंडून ऐकून त्यांना तो पाठ होता. त्या दिवशी बाईंनी वेगळा तक्ता लावला. मग डोळ्यातला दाब मोजला, बाजूची नजर तपासली. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता, फार पुढं गेलेला. काचबिंदू दुखत नाही. तो कडेकडेनं नजर खात येतो आणि मधली थोडी शेवटपर्यंत ठेवतो, त्यामुळं माणूस स्वतःची समजूत घालत राहतो. चाचांची मधली थोडी उरली होती, आणि त्या थोड्यात फिक्यावरचं गडद, मोठं अक्षर तेवढं त्यांना वाचता येत होतं. काळ्यावरचं नाही.

मला हे ऐकून वाईट वाटलं. पण आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं, कारण मग दोष डोळ्यांचा झाला, माझा नाही. हेही लिहून ठेवते.

सोमवारी चाचांच्या जागी एक बाई आल्या. आधी चष्म्याच्या दुकानात बसायच्या, हुशार होत्या. त्यांना शिकवायला मी चाचांच्या खुर्चीत बसले आणि मशीन चालू केलं. प्रोग्रॅम उघडायच्या आधी क्षणभर तो फिका पिवळा पडदा दिसला. त्यांनी ठेवलेला रंग अजून तिथंच होता. माझा प्रोग्रॅम रोज सकाळी त्यावर काळं फासत होता. मी पुढं गेले. डोळ्याच्या रकान्यावर आले, स्पेस दाबली, लाल आर आला. पुन्हा दाबली. रकाना रिकामा.

मला वाटलं, कळ अडकली असेल. पुन्हा दाबली तर हिरवा बी. पुन्हा, लाल आर. पुन्हा, रिकामा. मी वाकून नाक पडद्याला लावलं, तेव्हा त्या काळ्यात एल दिसला. शाईच्या दौतीत शाईचा थेंब दिसेल तेवढा दिसला. माझे डोळे चांगले आहेत, मला चष्मासुद्धा नाही.

मी प्रोग्रॅममध्ये नुसतं ‘निळा’ एवढंच म्हटलं होतं. कोणता निळा, हे ज्याचं त्याचं मशीन ठरवतं. माझ्या लॅपटॉपवर मी कधीतरी तो उजळ करून ठेवला होता आणि विसरून गेले होते. दवाखान्याच्या मशीनवर तो मुळातला होता, रात्रीसारखा गडद, आणि पडदे जुने, त्यांची चमक गेलेली. चाचा डाव्यासाठी दोनदा कळ दाबत होते, बरोबर दाबत होते. रकाना रिकामा दिसला की त्यांना वाटायचं, उमटलं नाही, आणि काहीतरी दिसेपर्यंत ते दाबत राहायचे. काहीतरी दिसायचं ते बी असायचं, नाहीतर आर. आजूबाजूच्या दोन मशीनांवरच्या पोरींनाही एल दिसत नव्हता, पण त्या तरुण, त्या मोजून दाबायच्या आणि पुढं जायच्या. चाचांचा स्वतःच्या बोटांवर विश्वास उरला नव्हता, कारण डोळ्यांवरचा गेला होता.

मी नव्या बाईंना तिथंच बसवून व्यवस्थापकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. चूक माझी आहे, परवा मी खोटं बोलले नाही, पण मी दाखवलं ते खोटं होतं, असं काहीतरी म्हणाले. रडलेही. त्यांनी पाणी दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, मॅडम, तुमचं म्हणणं पटतं, पण आता त्यांना खिडकीवर कसं बसवू? डोळ्यांचाच दवाखाना आहे हा. मी हट्टानं त्यांच्याकडून फाइलमध्ये लिहून घेतलं की चिठ्ठ्या चुकल्या त्या प्रोग्रॅममुळं, कर्मचाऱ्यामुळं नाही. तो कागद फाइलमध्ये असेल. कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

दुरुस्ती एका दुपारची होती. ती एक ओळ लिहिली: ज्याचा जो रंग असेल तोच राहू दे. मग सगळे आकाशी-हिरवे काढून टाकले. डोळ्याच्या रकान्यात एका अक्षराऐवजी पूर्ण शब्द, आणि उठून दिसण्यासाठी फक्त उलटापालट: माणसाचा जो मागचा रंग तो अक्षराला, अक्षराचा तो मागं. म्हणजे पडदा कुणाचाही, कसाही असो, दिसेलच. संपलं. दोन आठवडे खपून जे नासवलं ते एका दुपारी नीट झालं, आणि त्या दुपारी मला स्वतःची इतकी चीड आली की मी जेवले नाही.

मग शहागंजात त्यांच्या घरी गेले. चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यामागची गल्ली, खाली रजयांचं दुकान, वर दोन खोल्या. चाची शिवणाच्या मशीनवर होत्या, त्या उठून चहाला लागल्या. चाचा पलंगावर बसले होते, खिशाला दोन पेनं तशीच. मी दारातच सगळं बोलून टाकलं. एल दिसत नव्हता हे, लॅपटॉपचं, फाइलमधल्या कागदाचं. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं आणि म्हणाले, आधी बस तरी.

मी विचारलं की मला सांगितलं का नाही. एकदा म्हणाला असता, बेटा, मला दिसत नाही, तर मी त्याच रात्री बदलून दिलं असतं.

“डोळ्याच्या दवाखान्यात नजर गेलेला माणूस खिडकीवर कोण ठेवतं?” ते म्हणाले. “दोन सालापासून शक होता मला. जिना उतरताना पाय चुकायचा. मला कळत नव्हतं असं नाय. वीस साल लोकांना सांगितलं, घाबरू नका, डॉक्टरला दाखवा, लवकर दाखवा. आणि मी सोता दाखवलं नाय. दाखवलं असतं तर त्याच दिवशी खिडकी गेली असती. खिडकी सोडून मला काय येतं?”

चाची चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग चाचा मला म्हणाले की डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दोन वर्षं आधी आला असता तर काचबिंदू औषधावर थांबला असता. आता आहे तेवढं टिकलं तर टिकलं.

“तू पिवळा काढला नसता तर मी अजून बसलो असतो तिथं,” ते म्हणाले.

हा दोष होता की आभार, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांच्या आवाजावरून कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. चहा पिताना माझ्या डोक्यात एकच गणित फिरत होतं आणि ते कुठूनही धरलं तरी माझ्यापाशीच येऊन थांबत होतं. मी पिवळा काढला म्हणून त्यांची खिडकी गेली. पण त्याआधी चार वर्षं मी तो राहू दिला, बघून हसले, का ठेवलाय हे विचारलं नाही; विचारलं असतं तर कदाचित नजर राहिली असती. रंग द्यायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. समोर माणूस होता आणि मी पडद्याकडं बघत होते.

त्यानंतर त्यांचं एक ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याला उपयोग झाला नाही. डाव्याचं सांगताना चाची फोनवर नुसतं “ठीक है” म्हणायच्या. मी अधूनमधून जायचे. पुढं पुढं जाणं कमी झालं. माझी कामं होती, आणि खरं सांगायचं तर मला ते बघवत नव्हतं.

सहा-सात महिन्यांनी मी दवाखान्यात होते, नोंदणीच्या खिडकीवरचं मशीन हँग झालं म्हणून बोलावलं होतं. दुपारची वेळ, गर्दी ओसरलेली. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि नव्या बाईंशी बोलत वाट बघत बसले. जुनं मशीन, त्याला उठायला वेळ लागतो. तेवढ्यात चाचा आले. औषधासाठी आले होते चाचींसोबत, आणि मी आत आहे हे कुणीतरी सांगितलं असावं. चाचींचा हात सोडून ते एकटेच आत आले, टेबलाच्या कडेवरून बोटं फिरवत, एकदाही न अडखळता, आणि माझ्या खुर्चीपाशी येऊन बरोबर थांबले.

“पिवळा परत आणलास म्हणं,” ते म्हणाले.

“व्हय चाचा.”

“दाखव.”

थांबा, मशीन अजून चालू होतंय, असं मी म्हणणार तोच ते वाकले. चेहरा पडद्याला टेकेल इतका जवळ नेला. मागच्या खिडकीचा उजेड काचेवर पडला होता आणि त्या उजेडामागं पडदा ठार काळा होता. वरच्या कोपऱ्यात मशीन चालू होण्याच्या दोन-तीन पांढऱ्या ओळी, बाकी काही नाही. ते बराच वेळ तसेच राहिले. डोकं थोडं इकडं, थोडं तिकडं केलं.

“हां,” ते म्हणाले. “असाच होता. डोळ्याला कसा थंड लागतो बघ.”

नव्या बाईंनी तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला. दारात चाची उभ्या होत्या, त्यांना तिथून पडदा दिसत होता, आणि त्या माझ्याकडं बघत होत्या.

“अक्षर बी मोठं ठेवलंय ना?” चाचांनी विचारलं.

“मोठंच आहे चाचा,” मी म्हणाले. “सगळं पहिल्यासारखं आहे.”